खुलासा : ‘ऑफ-रोडसाठी टू-स्ट्रोक आता संपली’ हे खरं नाही

‘टू-स्ट्रोक कंपन्यांनी बंद केल्या, शिवाय पिस्टन सारखा बदलावा लागतो, तेव्हा डोळे झाकून फोर-स्ट्रोक घ्या,’ असा मेसेज बाइकवाल्यांच्या ग्रुपांत फिरतोय. (टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या प्रत्येक वर-खाली फेरीला इंधन पेटतं, फोर-स्ट्रोकमध्ये दर दुसऱ्या फेरीला.) मेसेजातलं निम्मं चुकीचं आणि उरलेलं अर्धवट आहे.

आपल्या रस्त्यांवरून आरएक्स-100 सारख्या गाड्या धुराच्या नियमांमुळे गेल्या, म्हणून हा समज झाला असावा. ऑफ-रोडची, म्हणजे कच्च्या, डोंगराळ वाटांवर चालवायच्या गाड्यांची, गोष्ट वेगळी. यामाहाची वायझेड-250 आजही टू-स्ट्रोकच आहे. केटीएमने 2018च्या मॉडेलपासून 250 आणि 300 ईएक्ससी या ऑफ-रोड टू-स्ट्रोकना कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन दिलं. ऑस्ट्रियातली एर्झबर्गची खडतर ऑफ-रोड शर्यत 2018 मध्ये ब्रिटिश रायडर ग्रॅहम जार्व्हिसने जिंकली, ती इंजेक्शनच्याच 300 टू-स्ट्रोकवर.

पिस्टनचं म्हणाल तर, हो, ठरावीक तासांनी बदलावा लागतो. पण हे काम घरच्या गॅरेजातही होतं, कारण इंजिनाच्या वरच्या भागात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह, कॅम, टायमिंग चेन असलं काहीच नाही. रेसिंगच्या फोर-स्ट्रोकलाही पिस्टनचे तास ठरलेले असतात, आणि तिचं इंजिन फुटलं की बिल पाहून घाम फुटतो. मेसेजात हे सोयीस्करपणे गाळलंय.

फोर-स्ट्रोकचे गुण खरेच आहेत : खालच्या आरपीएमला (इंजिन हळू फिरत असताना) सलग ओढ, उतारावर इंजिन ब्रेकिंग, म्हणजे थ्रॉटल सोडला की इंजिनच गाडी आवरतं. दगडधोंड्यांच्या चढात मात्र हलकी टू-स्ट्रोक उचलून वळवता येते.

आणि एकच गाडी ऑफिसलाही न्यायची असेल, तर वाद नकोच. नंबर प्लेट मिळणारी हिरोच्या एक्सपल्ससारखी फोर-स्ट्रोक घ्या.