जग बुडाल्यावर काय करायचं, हे पोरांना खेळू द्या

आज दुपारी बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या खेळाच्या टेबलावरून एका मुलाला त्याचे वडील उठवून घेऊन गेले. रोल-प्लेइंगचा डाव होता, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढं न्यायची. आमची गोष्ट जग बुडाल्यानंतरची. डाव रंगात आला होता, फासे त्याच्याच हातात होते. "काय खेळालाय हे पोरांबरोबर, सर? जग बुडालंय, लोक मेलेत, आता लुटालूट करा म्हणून शिकवालाय?" पोरगं खाली मान घालून चपला शोधत होतं. पोरांसमोर तमाशा नको म्हणून मी गप्प बसलो. आता लिहितोय, कारण तेव्हापासून डोकं फिरलंय.

लुटालूट? आमच्या डावात आटत आलेल्या विहिरीचं पाणी आधी कुणाला द्यायचं, यावरून अर्धा तास वाद चालला होता. शेवटी आजारी माणसांना आधी, असं ठरलं. ही लुटालूट?

इथल्या बहुतेकांना मी हे सांगायला नको, पण आज सांगतोच. १९७४ ला डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं, असा छापून आलेला पहिला खेळ. दोनच वर्षांनी त्याच टीएसआर कंपनीतून जेम्स वॉर्डचं मेटामॉर्फोसिस आल्फा आलं. एक अवाढव्य अंतराळयान, किरणोत्सर्गानं बहुतेक प्रवासी मेलेले, आणि उरलेल्यांच्या वंशजांना आपण यानात आहोत हेच माहीत नाही. १९७८ ला वॉर्ड आणि गॅरी जॅकेट यांनी तीच कल्पना पृथ्वीवर आणली, ते गॅमा वर्ल्ड. त्यात जुन्या जगातली एखादी वस्तू सापडली की ती कशाची हे कुणी सांगत नाही. फासे टाकत एका तक्त्यावरून वाट काढायची. जमलं तर वस्तू चालते, नाही तर हातात फुटते. वॉर्ड २०२४ मध्ये गेले, आपल्याकडे कुठं चार ओळीही दिसल्या नाहीत.

आणि १९८० चं द मॉरो प्रोजेक्ट बघा. अणुयुद्धाआधी गोठवून ठेवलेली पथकं दीडशे वर्षांनी जागी होतात. त्यांचं काम काय, तर मोडलेलं पुन्हा उभं करणं. पहिल्यापासून या खेळांचा जीव तिथंच आहे.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात निपाणीकडे यमगर्णीजवळ वेदगंगा नदी हायवेवर आली होती. माझ्या मावशीच्या गावची माणसं शाळेत हलवली होती, मीही तिथंच अडकलो. बाहेर पाऊस थांबेना, पोरं चिडचिडी झालेली. माझ्याकडे पत्त्यांचा कॅट होता. द क्वाएट इयर मांडलं. कॅनडाच्या अॅव्हरी ऑल्डरचा २०१३ चा खेळ आहे. संकटातून वाचलेली एक वस्ती, ५२ पत्ते, एक पत्ता म्हणजे एक आठवडा, चार रंग म्हणजे चार ऋतू. सगळ्यांनी मिळून वस्तीचा नकाशा काढायचा. आम्ही तो जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर काढला. सातवीतल्या एका मुलीनं सगळ्यात आधी टेकडीवर गोठा काढला. घरं का नाही गं काढलीस, विचारलं तर म्हणाली, "माणसं चालत येत्यात की. म्हशी दाव्याला असत्यात."

हे कुणी शिकवलं तिला? लुटालूट करणाऱ्या खेळानं?

बंदुका आहेत, मान्य. १९८१ चं आफ्टरमॅथ! काढा, गोळी शरीरात नेमकी कुठं लागली याचेसुद्धा नियम आहेत. १९८४ चं ट्वायलाइट: २००० तर सरळ युद्धातलंच, पोलंडमध्ये मागे राहिलेले अमेरिकन सैनिक, हत्यारांची यादीच यादी. पण तोच डाव खेळून बघा. सगळा वेळ जातो डिझेल नाही म्हणून दारू गाळून त्यावर गाडी चालवायची, त्यात. साखर कारखान्यांच्या मुलखातल्या आमच्या पोरांना स्पिरिट कसं गाळतात ते समजावून सांगावं लागलं नाही.

नंतर २०१० ला व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांचं अपोकॅलिप्स वर्ल्ड आलं आणि खेळायची रीतच बदलली. दोन फासे. बेरीज दहा किंवा वर आली तर काम फत्ते. सात ते नऊ आली तर काम होतं, पण बहुतेक वेळा त्याची किंमत मोजावी लागते. पुराच्या दिवसांत आमचं सगळं आयुष्यच सात ते नऊमध्ये चाललं होतं. ट्रॅक्टर आला, पण ट्रॉलीत एक तर माणसं बसणार, नाही तर धान्य.

त्या शाळेतलं अजून एक सांगतो. क्वाएट इयरमध्ये आपल्याला न विचारता कुणी काही ठरवलं की एक ठोकळा उचलून आपल्यासमोर ठेवायचा, राग आहे म्हणून. आमच्याकडे ठोकळे नव्हते, चिंचोके होते. एक पोरगा तोंडातून शब्द काढत नव्हता, नुसते चिंचोके लावत होता. ढीग झाला तेव्हा बाकीची थांबली. "अरे, तुला काय पाहिजे ते सांग की." त्याला होडी पाहिजे होती. बाकीचं काम बाजूला ठेवून सगळ्या वस्तीनं होडी बांधायला घेतली. मोठ्या माणसांच्या सभेत असं होताना मी तरी बघितलेलं नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या गृहस्थांचं गाव घटप्रभेकाठचं. त्याच पुरात त्यांचं घर पडलं, हे मला माहीत आहे. आपल्या पोरानं बुडालेलं जग खेळावं हे त्यांना बघवत नसेल, तर त्यात त्यांची काय चूक? पण म्हणूनच वाटतं, त्यांनी एकदा बसावं. पोरांना पूर आठवतोच, आपण विषय टाळला म्हणून विसरत नाहीत. टेबलावर निदान चार जण मिळून त्याबद्दल काहीतरी करता येतं.

बाकीच्या आईवडिलांना सांगतो. पुढच्या महिन्यात आम्ही म्युटंट: इयर झिरो सुरू करतोय. २०१४ चा स्वीडनचा खेळ. त्यात आपली वस्ती काय उभारणार हे दर वेळी सगळ्यांनी बसून ठरवायचं असतं, शेती आधी की भिंत आधी. पोरांना नुसतं सोडून जाऊ नका, शेजारी खुर्ची घेऊन बसा. साधे सहा बाजूंचे फासे मूठभर लागतात, घरातल्या लुडोचे चालतील, घेऊन या.