संगीताच्या बाईंचा नवरा

जूनचा पहिला आठवडा संपला की बाकीच्यांच्या घरात रेनकोट, दप्तर, वह्यांना कव्हरं असलं सगळं सुरू होतं, आमच्या घरात बायकोला प्रोत्साहन द्यायचं काम सुरू होतं. ती ठाण्यातल्या एका मराठी शाळेत संगीत शिकवते. मी बँकेत आहे आणि मैफलीत टाळी कधी वाजवायची हे मी अजूनही शेजारच्याकडे बघूनच ठरवतो, पण घरात दुसरं कोणी नसल्यामुळे ही जबाबदारी माझ्यावर आलेली आहे. मुलगा आहे, पण तो कानात ते बोंडूक घालून बसतो आणि आई काही बोलली की एक बोंडूक काढून "हं?" म्हणतो, त्याला प्रोत्साहन म्हणत नाहीत.

शाळा भरते 15 जूनला. (विदर्भात उन्हामुळे उशिरा भरते, म्हणजे तिकडच्या संगीत शिक्षकांच्या नवऱ्यांना तेवढीच सूट.) पण शिक्षकांना आधी दोन-तीन दिवस मीटिंगला बोलावतात आणि खरा प्रकार तिथूनच सुरू होतो. ती घरी येते, पर्स टेबलावर ठेवते, पाणी पिते आणि काहीच बोलत नाही. बोलली असती तर बरं असतं. मग मी चहा टाकतो आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारतो, "टाइमटेबल मिळालं का?"

मिळालेलं असतं. पाचवी ते नववी, प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक तास, तास पस्तीस मिनिटांचा, वर्गात मुलं साठ. मी बँकेतला माणूस, आकडा दिसला की भागाकार होतोच, त्यामुळे मी म्हणालो की म्हणजे एका मुलाच्या वाट्याला आठवड्याला 35 सेकंद येतात, राष्ट्रगीतालाच 52 लागतात. हे मी गंमत म्हणून म्हणालो होतो. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कपबशा धुवायला आत गेलो.

आणि ते पस्तीस मिनिटंही पूर्ण मिळतात असं नाही. संगीताला वेगळी खोली नाही, होती, पण तिथे आता कॉम्प्युटर ठेवलेत आणि ते बंद पडलेत, त्यामुळे तिथे कॉम्प्युटरपण नाही आणि संगीतपण नाही. मग पेटी घेऊन ती वर्गावर जाते. पाचवी तळमजल्यावर, आठवी तिसऱ्यावर. लिफ्ट ट्रस्टींसाठी. पेटी उचलायला शिपाईमामा असतात पण मामा नेमके त्याच वेळी बँकेत गेलेले असतात (आमच्या नाही, दुसऱ्या). पोरं धावत येतात, "बाई, मी धरतो, बाई, मी धरतो," चौघं चार बाजूंनी धरतात आणि चौघंही वेगवेगळ्या दिशेला जातात.

तर प्रोत्साहन. पूर्वी मी मोठमोठी वाक्यं वापरायचो. संगीत म्हणजे आत्म्याची वगैरे. तिने एकदा शांतपणे विचारलं की आत्म्याची तर मग शनिवारी शेवटचा तास का, तेव्हापासून ती लाइन बंद केली. मग मी धोरणाकडे वळलो. म्हणलं, अगं, 2020 च्या शैक्षणिक धोरणात स्पष्ट लिहिलंय की अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर असा भेद ठेवायचा नाही, सगळं सारखं. ती म्हणाली, "हे गणिताच्या बाईंना सांग." गणिताच्या बाई हा आमच्या घरातला कायमचा विषय आहे, त्यावर येतो नंतर.

शेवटी मी इतिहास काढला. म्हणलं, तुझ्या त्या पेटीचंच बघ ना, परदेशातून आलेलं वाद्य, मींड काढता येत नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, जुळत नाहीत म्हणून केवढी बोलणी खाल्ली, 1940 साली आकाशवाणीने सरळ बंदच करून टाकली, 1971 मध्ये कुठे जाऊन ते दार किलकिलं झालं, तीस वर्षं रेडिओवर नव्हती तरी आज घरोघरी, देवळोदेवळी, प्रत्येक भजनी मंडळात पेटीच आहे की नाही? टिकली ना? मला वाटलं हे फारच छान जमलं. ती म्हणाली, "पेटी टिकली रे. पेटीला सहामाहीचे रिझल्ट लावायला नव्हते बसवलं." हेही खरंच आहे. कलेच्या विषयांना मार्क नाहीत, ग्रेड आहे, त्यामुळे पालक त्या ग्रेडकडे बघत नाहीत, पण ज्याच्या पोराला ब मिळाला तो पालक मात्र हमखास येतो आणि विचारतो की आमचा गणपतीत आरतीला इतका छान ओरडतो, त्याला ब कसा.

शाळेतली पेटी मे महिनाभर कपाटात बंद असते. झुरळांना त्या भात्याच्या आतला खळीचा भाग आवडतो आणि उंदरांना बाकी सगळंच आवडतं. त्यात पाऊस सुरू झाला की लाकूड फुगतं, दोन पट्ट्या खाली गेल्या की वर येत नाहीत, आतली स्प्रिंग गंजलेली असते, रीडमध्ये कचरा बसतो आणि मधल्या सप्तकातला एक सूर कोणी बोट न ठेवताच वाजत राहतो. तबल्याचं तर विचारूच नका, दमट हवेत कातडं सैल पडून सूर उतरतो, मग ती हातोडी घेऊन तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकत बसते आणि स्टाफरूममधून कोणीतरी डोकावून विचारतं की बाई, सुतारकाम चाललंय का. दुरुस्तीचा खर्च मंजूर व्हायला अर्ज लागतो, अर्जाला तीन कोटेशन लागतात. पेटी दुरुस्त करणारे ठाण्यात शोधून एक काका सापडलेले आहेत, ते तीन कोटेशन कुठून देणार? ते एकच देतात, तेही तोंडी.

म्हणून दरवर्षी पेटी आम्ही आमच्या खर्चाने नेतो. आम्ही म्हणजे, ती पुढे छत्री घेऊन आणि मी मागे पेटी घेऊन. यंदा परत येताना रिक्षा केली. पाऊस असा की तीन हात नाक्याचे तीन काय एकही हात दिसत नव्हता, त्यात मेट्रोचे खांब, पत्रे, खड्डे, आणि माजिवड्याला नेहमीसारखं सगळं ठप्प. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, काय आहे पेटीत? पेटीत पेटी आहे, मी म्हणालो. लगेजचे वेगळे होतील म्हणाला. मग थोड्या वेळाने, गाडी हलतच नव्हती म्हणून असेल, म्हणाला, "आता कशाला हे वागवता, मोबाइलमध्ये सगळं वाजतं की." बायको गप्प होती. मी म्हणालो, बरोबर आहे, मॅपमध्ये पण सगळे रस्ते मोकळे असतात. त्यावर तो इतका मनापासून हसला की लगेजचे त्याने घेतले नाहीत. संपूर्ण जून महिन्यात मी दिलेलं हे एकमेव यशस्वी प्रोत्साहन, आणि तेही रिक्षावाल्याला.

खरं तर जूनमध्ये या बाईंना कोणी काय म्हणावं हा प्रश्नच वेगळा आहे, कारण शाळेला संगीत नको असतं असं अजिबात नाही. उलट संगीत सारखंच हवं असतं, फक्त तासाला नको असतं. रोजची प्रार्थना आहे, राष्ट्रगीत आहे, 2023 च्या शिवजयंतीपासून राज्यगीत आहे. ट्रस्टी आले स्वागतगीत, ट्रस्टींचे मेव्हणे आले ईशस्तवन. आषाढीला दिंडी, मग गुरुपौर्णिमा, 1 ऑगस्टला टिळक आणि अण्णाभाऊ, मग 15 ऑगस्ट, मग गणपती. 21 जूनला योग दिन असतो हे सगळ्यांना माहिती आहे, मैदानात चिखल म्हणून हॉलमध्ये सतरंज्या घालतात आणि संगीताच्या बाईंना ओंकाराला सूर द्यायला कोपऱ्यात बसवतात. त्याच 21 जूनला जागतिक संगीत दिन असतो, फ्रान्समध्ये 1982 साली सुरू झालेला, म्हणजे योग दिनाच्या खूप आधीचा, पण हे शाळेत फक्त एका माणसाला माहिती आहे आणि तो माणूस त्या वेळी कोपऱ्यात बसून पेटीचा भाता मारत असतो. आणि 5 सप्टेंबर तर कळसच. शिक्षक दिनाला मुलं शिक्षकांचा गौरव करणारं गाणं म्हणतात. ते गाणं बसवतं कोण? हीच. स्वतःच्या सत्काराची प्रॅक्टिस स्वतः घेते, वर मुलांना सांगते, "अरे, थोडं मनापासून म्हणा."

आता गणिताच्या बाई. त्या वाईट नाहीत, डब्यात मस्त कोथिंबीरवडी आणतात आणि हिला आठवणीने देतात. पण त्यांचा पोर्शन राहतो. पोर्शन जूनमध्येच राहायला लागतो, हे गणित मला बँकेत इतकी वर्षं काढूनही सुटलेलं नाही. मग त्या येतात, "बाई, आजचा तुमचा तास देता का, दोनच उदाहरणं घ्यायचीत." नाही म्हणता येत नाही कारण तोंडात कोथिंबीरवडी असते. तर यावर हिने एक उपाय काढला, ही मात्र मी दिलेली आयडिया आहे हे नोंदवून ठेवतो. एक वही केली. तारीख, इयत्ता, तास कोणी घेतला, परत कधी मिळणार, आणि शेवटच्या रकान्यात सही. तास घ्यायला हरकत नाही, सही करा. पहिल्या दिवशी स्टाफरूम खूप हसली. मग गणिताच्या बाईंची पान भरून सह्या झाल्या आणि दिवाळीनंतर स्नेहसंमेलनाच्या तोंडावर हिने ती वही उघडून सगळे तास एकदम वसूल केले. हल्ली विज्ञानाचे सर उसने मागायच्या आधी विचारतात, माझे किती झालेत हो.

यंदा मात्र जून जरा वेगळा गेला, कारण यंदा फोन आला. एक नवीन मुलगी नवी मुंबईतल्या कुठल्यातरी शाळेत संगीताला लागली आहे, अर्धवेळ. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभराच्या वर मुलं असतील तर कलेसाठी अर्धवेळ निदेशक ठेवायची तरतूद आहे, त्यातलं ते पद. ती आणि ही संगीत विशारदच्या परीक्षेमुळे ओळखीच्या, वाशीला गांधर्व महाविद्यालय मंडळात काहीतरी काम होतं तेव्हा भेट झाली होती. रात्री साडेनऊला फोन, आणि पलीकडून जवळजवळ रडत, "ताई, साठ मुलं आहेत, पेटी नाहीये आणि मला ग्राउंडवरचं पण बघायला सांगितलंय, मी सोडू का?"

मी कुकर लावत होतो. म्हणलं, झालं, आता दोघी मिळून सोडतील.

तर आमची ही, जी त्याच संध्याकाळी मला "यंदा शेवटचं वर्ष" म्हणाली होती, सरळ उठून बसली. "रडू नकोस, आधी मला सांग, वर्गात पंखा किती आवाज करतो?" मला वाटलं हिला ऐकू नीट आलं नाही. पण नाही, पंख्यावर चर्चा झाली. पंख्याच्या आवाजावर ओरडून गायचं नाही, घसा जुलैतच जातो आणि मग वर्षभर येत नाही, त्यापेक्षा पंखा पाच मिनिटं बंद, पोरांना सांगायचं शांतता ऐका, साठ पोरं गप्प बसली की अर्धा तास जिंकला. पेटी नाही तर नाही, पहिले पंधरा दिवस बाकच वाजवायचे, टाळीवर केरवा, दादरा, मात्रा मोजायला लाव, पाच-सहा जणांना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकवायला मुद्दाम सांग, बाकीचे पकडतील, त्यांना ते आवडतं. मोबाइलवर तानपुरा लाव. (इथे मला रिक्षावाला आठवला पण मी बोललो नाही.) पहिलं काहीतरी भूप रागातलं घे, पाचच सूर, मध्यम-निषादाची भानगड नाही. पट्टी स्वतःच्या गळ्याची घेऊ नकोस, मुलांची घे, तू तुझ्या पट्टीला बसलीस तर मुलं तळघरात जातील. बेसूर मुलाला मागे बसवू नकोस, मागे तर त्याला काहीच ऐकू येत नाही, पुढे घे, सुरात गाणाऱ्याच्या शेजारी.

मग आठवीची मुलं. "त्यांचे आवाज फुटतायत गं, त्यांना हसू देऊ नकोस कोणाला." तिकडून काहीतरी विचारलं असावं, कारण मग हिने स्वरयंत्र कसं वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, जवळजवळ सप्तकभर आवाज खाली उतरतो आणि उतरताना जिन्यावरून घसरल्यासारखा उतरतो, हे सगळं सांगितलं, आणि म्हणाली की त्या वर्षी त्यांना गाऊ नका असं कोणी म्हणालं ना की ती मुलं जन्मभर गात नाहीत, मग मोठी होऊन ट्रस्टी होतात. खालच्या चार सुरांत गाऊ दे, नाहीतर ताल धरू दे, पण वर्गातून उठवू नकोस.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मी गॅस बंद केला, मुलगा जेवायला आला, जेवून गेला, दोन्ही बोंडुकं कानात. हिचं चालूच. वहीची आयडिया सांगितली (स्वतःची म्हणून सांगितली, असू दे). कपाटाची किल्ली मामांकडे ठेवू नकोस. ग्राउंडवरचं बघायला सांगितलंय ना, मग लेझीम घे, लेझीम म्हणजे तालच आहे, तुझाच तास वाढला, समज. पहिल्याच मीटिंगमध्ये भांडू नकोस, पहिलं स्वागतगीत दणकून बसव, मोठ्या बाई खूश झाल्या की दुसऱ्या दिवशी पेटीचा अर्ज पुढे कर. हे बोलताना ती हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होती आणि एका हाताने मात्रा मोजत होती, महिनाभर पाय दुखतात म्हणणारी बाई.

तिकडची मुलगी आता हसायला लागली होती, मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होतं. मग तिने काहीतरी विचारलं आणि ही थोडी थांबली.

"नाही गं, आमच्याकडे गाण्यातलं कोणी नाही," ही म्हणाली. "नवरा आहे. तो पेटी उचलतो."

पेटी खोक्यासकट चांगली दहा-बारा किलोची भरते, एवढं तरी तिने सांगायला हवं होतं.