‘एक क्रिकेटप्रेमी, गंगापूर रोड’ यांना उत्तर (जरा लांबलंय)

मागच्या आठवड्यात सुरगाण्याच्या (नाशिक जिल्ह्यातला आदिवासी तालुका) एका डावखुऱ्या स्पिनर पोराबद्दल लिहिलं होतं, ज्याला इथल्या एका क्लबने लीगच्या टीममध्ये घेतलं नाही. क्लबचं नाव तेव्हाही घेतलं नव्हतं, आताही घेणार नाही. त्यावर ‘एक क्रिकेटप्रेमी, गंगापूर रोड’ अशा सहीने एक कमेंट आलीये. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लेख रडका आहे, निवड मेरिटवर होते, त्या पोराच्या नावावर अख्ख्या सीझनमध्ये तीन विकेट आहेत, मी क्लबची बाजू ऐकलीच नाही, दलित स्पिनर बाळू पळवणकरांचं शंभर वर्षांपूर्वीचं उगाळत बसलो, मुंबईचे स्पिनर शिवलकर यांनाही टेस्ट मिळाली नाही पण ते रडत बसले नाहीत, नाशिकची पोरं पुढे जातातच की, आणि आदिवासी पोरांना कोण अडवतंय, धावपटू कविता राऊत बघा. शेवटचं वाक्य मात्र जसंच्या तसं देतो, “बाउंडरीबाहेर चहा पीत दुसऱ्यांच्या मेरिटवर लेख पाडणाऱ्यांनी आधी एकदा बॅट हातात धरून बघावी.”

उत्तर देणारच नव्हतो. घरी पण म्हणाले सोड ना, कशाला लागतोस नादी. पण हे ‘लेख पाडणाऱ्यांनी’ काय असतं हो? मतभेद असू द्या, मुद्दा खोडा, मी चुकीचा असेन तर सांगा, पण एखाद्या माणसाला ओळखत नाही पाळखत नाही आणि सरळ त्याने आयुष्यात बॅट धरली नाही असं ठरवून मोकळं व्हायचं, आणि तेही स्वतःचं नाव न लिहिता, ही कुठली पद्धत. साहेब, माझं नाव ब्लॉगच्या वरच लिहिलंय.

तर बॅट. सातपूरला कामगार कॉलनीत वाढलो मी, वडील एमआयडीसीत शिफ्टला. टेनिस बॉल सोडून लेदरवर आलो तेव्हा आमच्या अख्ख्या टीममध्ये पॅडच्या दोन जोड्या, म्हणजे विकेट पडली की जाणाऱ्याने येणाऱ्याला मैदानातच पॅड सोडून द्यायचे, आणि समोरच्या टीमची पोरं तेवढ्या वेळात पाणी पिऊन हसून घ्यायची. मॅटवर खेळलोय, खिळे उखडलेल्या मॅटवर खेळलोय, तोंडावर बॉल खाल्लाय, त्याची खूण अजून हनुवटीवर आहे, फोटो टाकू का? कॉलेजच्या टीमच्या ट्रायलला गेलो तेव्हा निवडणाऱ्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता “किट कुठंय तुझी?” दुसरा प्रश्न विचारलाच नाही. कॉलेज कुठलं ते जाऊ द्या, त्यातले काही सर अजून भेटतात आणि चांगले भेटतात.

तेव्हा खेळाडू म्हणून माझं काही झालं नाही हे खरंय, आणि ते सगळं किटमुळे झालं असंही मी म्हणत नाही, कव्हर ड्राइव्ह मला कधीच जमला नाही. पण मैदान सोडलं नाही. स्कोअरर झालो. गोल्फ क्लबच्या मैदानावर (हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणायचं आता, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगावं लागतं) आणि बाकीच्या ग्राउंडवर क्लबच्या मॅचचं स्कोअरबुक मी वर्षानुवर्षं लिहिलंय, अजून लिहितो. तुम्ही मला बघितलं असेल बाउंडरीबाहेर चहा पिताना तर ते खरंय, स्कोअररचं टेबल बाउंडरीबाहेरच असतं हो, पिचवर नसतं.

आणि म्हणूनच ते ‘तीन विकेट’ मला सांगू नका, कारण त्यातल्या दोन मी माझ्या हाताने लिहिल्यात.

स्कोअरबुक ज्यांनी लिहिलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय ते. बॅट्समनला बॅटिंग मिळाली नाही तर त्याच्या नावापुढे डीएनबी (डिड नॉट बॅट) लिहितात, म्हणजे निदान एवढं तरी कळतं की हा माणूस होता, पॅड बांधून बसला होता, नंबर आला नाही. बॉलरला बॉल दिला नाही तर काय लिहितात? काहीच नाही. बॉलिंगच्या रकान्यात त्याचं नावच येत नाही. वर इलेव्हनमध्ये नाव आहे, खाली कुठेच नाही, आणि सीझन संपल्यावर तुमच्यासारखं कोणीतरी येऊन आकडे मोजतं आणि म्हणतं बघा, तीनच विकेट. किती ओव्हर दिल्या त्याला? ते बघितलंत? मी बघितलंय. ज्या दोन मॅच मी लिहिल्या त्यातल्या पहिलीत त्याला दोन ओव्हर मिळाल्या, समोरची टीम जिंकायला सात रन बाकी असताना, बॉल पार भुसा झालेला. त्यात एक विकेट. दुसरीत चार ओव्हर, आठ रन, एक विकेट, आणि मग कॅप्टनने बॉल काढून घेतला आणि दुसऱ्या टोकाने मार खाणारा बॉलर आपला कोटा पूर्ण करून गेला. त्या बॉलरबद्दल माझा काही राग नाही, चांगला मुलगा आहे, घरचे गाडीने सोडायला येतात, अख्ख्या टीमला सामोसे आणतात.

लेखात एक गोष्ट लिहिली नव्हती, उगाच वाढायला नको म्हणून, पण आता लिहितो. त्या पहिल्या मॅचला टीमची यादी घ्यायला मी कॅप्टनकडे गेलो. दहा नावं त्याने पटापट सांगितली, आडनावासकट, अकराव्याला थांबला. मग इकडे तिकडे बघून हसत म्हणाला, “सुरगाणा लिहा ना काका.” मी म्हणालो बाबा, तालुका नको, नाव सांग. तर त्याला माहीत नव्हतं. कित्येक महिने एकत्र नेट करतायत. शेवटी मीच फाइन लेगपर्यंत, म्हणजे बॅट्समनच्या मागच्या बाउंडरीपर्यंत, चालत गेलो आणि पोराला विचारून आलो, आणि तोवर अंपायरने बेल्स ठेवलेल्या त्यामुळे पहिली ओव्हर अर्धवट समजुतीने लिहावी लागली. फाइन लेगला तो का होता? कारण क्लबचे जे कोच आहेत त्यांनी माझ्यासमोर सांगितलं की “ही पोरं पळतात भारी, टाक याला बाउंडरीवर.” कौतुकच होतं ते, त्यांच्या मते. दिवसभर पोरगा या फाइन लेगवरून त्या लाँग ऑनला पळतोय, ओव्हर संपली की परत इकडून तिकडे.

आता कविता राऊत. साहेब, हरसूलकडच्या सावरपाड्याची ती पोरगी, 2010 च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये 10,000 मीटरला ब्राँझ आणलं, आम्ही नाशिककर काय तिला विसरलोय का? चांदवडचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकला रोइंगमध्ये गेला, तोही माहितीये. पण तुम्हीच दिलेलं उदाहरण तुमच्यावर उलटतंय हे लिहिताना लक्षात नाही आलं? पळताना घड्याळ असतं. रेषा ओलांडली की वेळ दिसते, सावरपाडा असो की कॉलेज रोड. क्रिकेटमध्ये पोराला आधी कोणीतरी बॉल हातात द्यावा लागतो. तो देणारा माणूस असतो, आणि त्या माणसाला सुरगाण्याचा पोरगा दिसला की पळणाराच दिसतो, तुम्हालाही तोच दिसला, नाहीतर स्पिनरच्या विषयात धावपटू कशाला आणली असती.

पळवणकरांचंही तेच. शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून झटकून टाकलंत, पण मी तिथे अस्पृश्यतेचा धडा द्यायला गेलोच नव्हतो. पुण्यात हिंदूंच्या टीमकडून खेळताना बाळूंना चहा बाहेर मातीच्या भांड्यात दिला जायचा हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. मला जास्त लागणारी गोष्ट वेगळी आहे. त्याच्या आधी पूना क्लबात गोऱ्यांना ते तासन् तास नेटमध्ये बॉलिंग टाकायचे आणि त्यांना स्वतःला बॅटिंग करायला मिळाली नाही. बॉल टाकणं हे कष्टाचं काम, ते यांच्याकडून करून घ्यायचं, बॅट साहेबाची. पुढे 1911 च्या इंग्लंड दौऱ्यावर याच माणसाने 114 विकेट काढल्या, आणि तरी हिंदूंच्या टीमची (मुंबईच्या मोठ्या स्पर्धेत तेव्हा टीम धर्मावर असायच्या) कॅप्टनशिप बाळूंना नाही मिळाली ती नाहीच, ती मिळाली धाकट्या भावाला, विठ्ठलला, 1923 साली. आता आमच्या सुरगाण्याच्या पोराचं बघा, तेव्हा निदान बॉलिंग तरी टाकू देत होते. नेटमध्ये याला काय करायला लावतात माहितीये? बॉल आणून देतो. नेटच्या मागे उभा राहतो.

शिवलकरांचा मुद्दा तुमचा बरोबर आहे, तो मी मान्य करतो, मोकळ्या मनाने करतो. पद्माकर शिवलकरांना टेस्ट मिळाली नाही तो भेदभाव नव्हता, समोर बिशनसिंग बेदी होता, बास. प्रत्येक न झालेली निवड म्हणजे अन्याय नसतो. पण अहो, 589 फर्स्ट क्लास विकेट आहेत त्या माणसाच्या. बॉल हातात न मिळता होतात का 589? मुंबईने त्यांना वर्षानुवर्षं बॉल दिला म्हणून आज तुम्ही त्यांचं नाव घेऊ शकताय. त्यांना बेदींच्या मागे बसायला लागलं. आमचा पोरगा सामोसेवाल्याच्या मागे बसलाय.

आणि हो, एक अजून मान्य, सकाळच्या दोन तासांत शंभर पोरं बघायची म्हटल्यावर निवडणारा तरी काय करणार. हे मी लेखातही लिहू शकलो असतो. पण मग त्या शंभरातली जी पोरं निवडणाऱ्याच्याच संध्याकाळच्या फी भरलेल्या बॅचला असतात त्यांना बघायला त्याला दोन तास नसतात, वर्ष असतं. बीसीसीआयच्या 2018 च्या घटनेत हितसंबंधांची जी यादी आहे ना, एका वेळी यातली एकच भूमिका घ्या म्हणून, त्यात सिलेक्टरही आहे आणि क्रिकेट अकादमीचा मालकही आहे. ती घटना ज्यांच्या शिफारशींवरून आली त्या सुप्रीम कोर्टाच्या लोढा समितीला हे काय स्वप्नात दिसलं का? क्लबच्या टीमला तो नियम लागत नाही, माहितीये मला, लगेच कमेंट टाकू नका. पण क्लबच्या लीगमध्ये जे आकडे होतात तेच पुढे जिल्ह्याच्या ट्रायलला घेऊन जायचे असतात, जिल्ह्यातून महाराष्ट्राच्या टीमकडे, आणि एकाच राज्यात मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ अशा तीन रणजी टीम असल्या तरी नाशिकच्या पोराला वाट एकच, पुण्याकडची. ती वाट इथे, या फाइन लेगपासून सुरू होते.

सत्यजित बच्छाव, रामकृष्ण घोष, सिन्नरची माया सोनवणे, ही नाशिकच्या क्रिकेटर्सची नावं तुम्ही मला सांगताय? घोषला आयपीएलच्या लिलावात चेन्नईने 30 लाखाला घेतलं तेव्हा पेढे वाटलेत मी. ही नावं आहेत म्हणून सुरगाण्याच्या पोराला बॉल मिळाला असं कसं होतं ते काही मला समजलेलं नाही.

क्लबची बाजू मी ऐकली नाही हा तुमचा आक्षेप. त्यांची बाजू त्यांनी मांडावी ना, कमेंट बॉक्स उघडाच आहे, तुमची छापली तशी त्यांचीही छापेन. (तुम्हाला ती बाजू एवढी बारकाईने कशी माहीत हे मात्र मी विचारणार नाही. तीन विकेटचा आकडा मी लेखात दिलाच नव्हता.) पोराचा फिटनेस, यो-यो टेस्ट, फिल्डिंगमधले सुटलेले कॅच वगैरे जे तुम्ही लिहिलंय त्यावर काय बोलायचं, कॅच सगळ्यांचे सुटतात.

‘रडका’ शब्दाबद्दल बोलणार होतो पण राहू दे. फक्त एवढंच, तो पोरगा रडलेला मी बघितलेला नाही. टीमची यादी व्हॉट्सॲपवर आली तेव्हा तो वसतिगृहातच होता, मला त्याने फोन केला तोही स्कोअरबुकातली त्याची चार ओव्हरची ओळ कशी वाचायची ते विचारायला. ठिपके, डब्ल्यू, सगळं समजून घेतलं. मग म्हणाला, “सर, त्यात सतरा बॉल डॉट आहेत ना?” मोजले. सतराच होते.

तुमची कमेंट मी काढणार नाही. पण पुढच्या वेळी नावाने लिहा, नाहीतर मीही ‘तुम्ही’ वरून कधी खाली घसरेन त्याची गॅरंटी नाही.

बाकीच्यांसाठी: किटसाठी पैसे देऊ म्हणून बऱ्याच जणांनी मेल केलेत, त्यांचे आभार, पण स्पाइक्स आणि बॅट मिळाली आहे त्याला, पैसे नकोत. मॅच हव्यात. दिवाळीनंतर ज्यांच्या टीमला डावखुरा स्पिनर कमी पडत असेल, नाशिक, नाशिकरोड, देवळाली, ओझर कुठेही, त्यांनी मला मेल टाका, रविवारचा सकाळचा त्याचा यायचा जायचा बंदोबस्त मी बघतो. दहा ओव्हर देणार असाल तरच.