‘कानाला मशीन लावले की गाठ परत वाढते’ या संदेशाला उत्तर

कानाच्या नसेवरील गाठीच्या रुग्णांनी श्रवणयंत्र का लावू नये, हे बजावणारा एक लांबलचक संदेश सध्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये फिरत आहे. त्यात लिहिले आहे: मशीनमधल्या ब्लूटूथच्या लहरींनी गाठ पुन्हा वाढते. गाठीमुळे गेलेली नस मेलेलीच असते, म्हणून मशीन म्हणजे निव्वळ लूट. एक कान शाबूत असेल तर मशीनची गरज नसते आणि लावले तर तो चांगला कानही जातो. लसूण घालून कोमट केलेले तेल रोज कानात सोडले की नस जिवंत होते. आणि एवढे सांगूनही मशीन हवेच असेल तर ते ऑनलाइन हजार रुपयांत मिळते, नाही तर सरकार फुकट देते, असे त्याचे मुद्दे आहेत. खाली ‘एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला, सर्वांना पाठवा’ अशी ओळ आहे आणि त्या डॉक्टरांचे नाव कुठेही नाही. मुलुंडला राहणाऱ्या माझ्या मावशीला हा संदेश तिच्या सोसायटीच्या गटातून आला आणि तिने कानाचे यंत्र काढून कपाटात ठेवून दिले. तिच्या उजव्या कानाच्या नसेवरील गाठीवर रेडिएशनचे उपचार झाले आहेत आणि त्या कानाने तिला जवळजवळ काहीच समजत नाही. आपल्याकडे रस्त्यात पाऊल टाकले की पहिली गाडी उजव्या हातानेच येते. एका निनावी संदेशाने तिची तेवढीही सावधगिरी काढून घेतली, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत घातक दावा पहिला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. ज्या गाठीबद्दल हा संदेश बोलतो तिला डॉक्टर वेस्टिब्युलर श्वानोमा म्हणतात. अकूस्टिक न्यूरोमा हे तिचे जुने नाव अजूनही रिपोर्टांवर दिसते. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या नसेचा जो भाग तोल सांभाळतो, त्यावरील आवरणाच्या श्वान पेशींपासून ती तयार होते. ती कर्करोगाची गाठ नसते, शरीरात इतरत्र पसरत नाही आणि बहुधा फार हळू वाढते. कित्येक रुग्णांना तर काही न करता केवळ ठरावीक काळाने एमआरआय करत राहण्याचाच सल्ला दिला जातो. अशा बहुतेक गाठींच्या मुळाशी एनएफ२ या जनुकातला बिघाड सापडतो. कानामागे लावलेले यंत्र बोलण्याचा आवाज टिपून कानात सोडते. पेशीतल्या जनुकाशी त्याचा काहीही संबंध येत नाही.

या दाव्यात अर्धे सत्य एवढेच आहे की, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले होते आणि त्या वेळी मोबाइलच्या संदर्भात याच अकूस्टिक न्यूरोमाचाही उल्लेख झाला होता. ते नाकारण्याचे कारण नाही. पण संदेश लिहिणारा २०११ वरच थांबला. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेला आढावा प्रसिद्ध झाला, त्यात २२ देशांतील लोकांवरचे आणि १९९४ ते २०२२ या काळात प्रसिद्ध झालेले ६३ शोधनिबंध तपासले गेले, आणि डोक्याला लावून वापरलेल्या मोबाइलमुळे मेंदूच्या गाठींचा, त्यात अकूस्टिक न्यूरोमाही आला, धोका बहुधा वाढत नाही, असा निष्कर्ष मध्यम दर्जाच्या खात्रीने काढला गेला. हा निष्कर्ष मोबाइलचा आहे. श्रवणयंत्रातील ब्लूटूथची शक्ती मोबाइलच्या तुलनेत कितीतरी कमी असते आणि अनेक साध्या यंत्रांत ब्लूटूथ मुळातच नसते. जी व्यक्ती दिवसातून तासभर मोबाइल कानाला लावून बोलते, तिने त्याच मोबाइलवर आलेला संदेश वाचून कानाचे यंत्र काढून ठेवावे, याला काय म्हणावे?

तरीही लोकांना हा दावा खरा वाटतो, त्यामागे एक कारण आहे आणि ते रुग्णाला आधीच समजावून सांगितले जात नाही, याचा मला राग येतो. गॅमा नाइफसारख्या केंद्रित रेडिएशननंतर पहिल्या एक-दोन वर्षांत काही रुग्णांची गाठ एमआरआयमध्ये तात्पुरती फुगलेली दिसते आणि नंतर स्थिरावते किंवा आकसते. तसेच गाठ अजिबात वाढलेली नसतानाही त्या कानाचे ऐकणे पुढची अनेक वर्षे हळूहळू कमी होत राहू शकते, मग रेडिएशन झालेले असो वा नसो. श्रवणयंत्र बसवण्याचा काळही नेमका हाच असतो. यंत्र लावले, सहा महिन्यांनी एमआरआयचा रिपोर्ट आला, त्यात आकार किंचित वाढलेला दिसला आणि ऐकूही कमी येऊ लागले, की घरचे लोक दोष यंत्राला देतात. गाठ खरोखर वाढते आहे की नाही, हे आधीचे एमआरआय शेजारी ठेवून न्यूरोसर्जनने किंवा रेडिएशनच्या डॉक्टरांनी सांगायचे असते. हा निकाल सोसायटीच्या गटात लागत नाही.

नस मेलेली असते, म्हणून मशीन ही लूट, हा दुसरा दावा अधिक नीट तपासायला हवा, कारण त्याच्या पोटात खरी गोष्ट आहे. वयोमानाने कमी ऐकू येते तेव्हा बिघाड बहुधा अंतर्कर्णातल्या शंखात असतो. या गाठीत तो मुख्यतः नसेत असतो. त्यामुळे आवाज कानापर्यंत पोहोचला तरी शब्द उकलत नाही. मावशीच्या तपासणीच्या वेळी मी काचेच्या बाहेर बसलो होतो. हेडफोनमधून येणाऱ्या शिट्टीसारख्या स्वरांना ती हात वर करून बऱ्यापैकी प्रतिसाद देत होती, पण शब्दांची यादी सुरू झाली तेव्हा उजव्या कानात ‘भात’ला ती ‘हात’ म्हणाली, ‘पान’ला ‘काम’ म्हणाली आणि पुढे नुसतीच मान हलवू लागली. आवाज वाढवल्यावर उत्तरे सुधारली नाहीत, उलट आणखी चुकली. फाटलेल्या स्पीकरचा आवाज वाढवला तर फाटका आवाजच मोठा होतो, तसे हे आहे. अशा कानाला नेहमीचे आवाज वाढवणारे यंत्र खरोखरच उपयोगाचे नसते आणि केवळ स्वरांची तपासणी करून ते रुग्णाच्या गळ्यात मारणारे विक्रेते मुंबईत आहेत. एवढ्यापुरते संदेशातले म्हणणे मला नाइलाजाने मान्य करावे लागते.

पण त्यावरून कोणतेच यंत्र उपयोगाचे नाही, असे ठरत नाही. शब्दओळख, म्हणजे ऐकलेला शब्द बरोबर ओळखण्याची क्षमता, चांगली शिल्लक असेल तर साधे श्रवणयंत्र चालते, आणि गाठ लहान असताना अनेकांची ती शिल्लक असते. शब्दओळख गेली असेल आणि दुसरा कान चांगला असेल, तर क्रॉस नावाची जोडी वापरतात: निकामी कानामागचा मायक्रोफोन तिकडचा आवाज टिपतो आणि चांगल्या कानावरच्या यंत्राकडे बिनतारी पाठवतो. ही कल्पना १९६५ पासून वैद्यकीय साहित्यात आहे. दुसरा कानही कमी ऐकत असेल तर बायक्रॉस वापरतात, त्यात चांगल्या बाजूचा आवाजही वाढवला जातो. हाडातून कंप पाठवणारे यंत्र कवटीमार्गे आवाज दुसऱ्या कानाच्या शंखापर्यंत नेते आणि शस्त्रक्रियेआधी ते डोक्याच्या पट्ट्यावर लावून पाहता येते. श्रवणाची नस शस्त्रक्रियेतून वाचली असेल तर निवडक रुग्णांत कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने कानाच्या शंखात बसवायच्या यंत्राचा, विचार होतो. दोन्ही बाजूंना गाठी असलेल्या, एनएफ२ याच नावाच्या जनुकीय आजाराच्या रुग्णांसाठी तर थेट मेंदूच्या देठावर बसवायचे इम्प्लांटही आहे. ते पहिल्यांदा १९७९ साली अमेरिकेत विल्यम हाउस आणि विल्यम हिट्सेलबर्गर यांनी बसवले. मावशीकडे क्रॉस आहे. ते लावूनही आवाज कोणत्या दिशेने आला हे तिला कळत नाही, कारण दिशा कळायला दोन चालते कान लागतात; पण उजवीकडून कोणी बोलले किंवा बेस्टची बस आली तर तो आवाज कानावर पडतो, जवळ काहीतरी आहे एवढे कळते, आणि मुंबईत तेवढे कळणे फार मोठे आहे.

इम्प्लांटच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र जरूर बाळगावी. कानामागे लावायचे यंत्र एमआरआयच्या आधी काढून ठेवले की प्रश्न मिटतो, पण आत बसवलेल्या लोहचुंबकाची सावली एमआरआयच्या चित्रावर पडते आणि नेमकी गाठीचीच जागा झाकली जाऊ शकते. ज्याला पुढे अनेक वर्षे एमआरआय करायचे आहेत, त्याने हा प्रश्न इम्प्लांट ठरवण्याआधीच गाठीच्या आणि कानाच्या अशा दोन्ही डॉक्टरांना विचारावा.

चांगला कान बिघडतो, हा दावा निराधार आहे. क्रॉसमध्ये चांगल्या कानात सहसा उघडी, भोके असलेली टोपी बसवतात, जेणेकरून त्याचे नैसर्गिक ऐकणे अडत नाही, आणि आवाजाची कमाल मर्यादा ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवण तपासणारा तज्ज्ञ, संगणकावर ठरवून देतो. धोका असलाच तर तो मर्यादा न ठरवलेल्या यंत्राचा, म्हणजे हा संदेश ज्याची शिफारस करतो त्याच हजार रुपयांच्या ऑनलाइन डबीचा आहे. ती सगळे स्वर सरसकट मोठे करते आणि विकणाऱ्याने रुग्णाचा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवण तपासणीचा आलेख, पाहिलेलाही नसतो.

लसणाच्या तेलाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. कानात सोडलेले तेल पडद्यापाशी थांबते. गाठ त्याच्या पलीकडे, हाडाच्या आत, मेंदूच्या दाराशी असते. तेलाने बुरशी धरू शकते, यंत्राची नळी तुंबू शकते आणि शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कानात काहीही घालू नये.

राहिला सरकारी मदतीचा मुद्दा, आणि त्यात लोकांची फसगत होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांवर बेतलेली आहे: दोन्ही कानांत बोलण्याच्या स्वरांवर ६० ते ७० डेसिबलची घट असेल तर कमी ऐकणारा, ७० डेसिबलची असेल तर कर्णबधिर. या गाठीचा बहुसंख्य रुग्ण एकाच कानाने गेलेला असतो, त्यामुळे तो या व्याख्येत बसत नाही आणि फुकट यंत्राच्या आशेवर त्याचे महिने वाया जातात. दोन्ही बाजूंना गाठी असलेल्यांनी मात्र प्रमाणपत्रासाठी जरूर अर्ज करावा. इतरांनी वांद्रे रेक्लमेशनच्या, श्रवणदोषासाठी असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडून स्वरांची आणि शब्दओळखीची अशी दोन्ही तपासणी करून घ्यावी, शब्दओळखीचा टक्का प्रत्येक कानाचा वेगळा लिहून मागावा आणि पैसे भरण्याआधी यंत्र काही दिवस घरी, बाजारात, लोकलमध्ये लावून पाहण्याची मुभा लेखी घ्यावी.