टेनिस न खेळणाऱ्याचे कोपर

काल संध्याकाळी गोकुळपेठच्या बाजारात दोन किलो संत्र्यांची पिशवी माझ्या उजव्या हातातून सुटली आणि पाचसहा संत्री नालीच्या दिशेने निघाली. माझे उजवे कोपर दुखते; या दुखण्याला टेनिस एल्बो म्हणतात. १८८२ साली हेन्री मॉरिस नावाच्या इंग्रज शल्यविशारदाने लॉन टेनिसवाल्यांच्या हाताविषयी लिहिले आणि तेव्हापासून टेनिस या आजाराला चिकटले. मी रॅकेट केवळ दुकानाच्या काचेतून पाहिली आहे. माझे कोपर गेल्या उन्हाळ्यात कूलरचे नटबोल्ट आवळताना आणि त्यात बादल्या ओतताना गेले.

संत्री वेचायला वाकलेल्या एका काकाजींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "काहून भाऊ, घेतली काय?"

"नाही हो, कोपर दुखतो."

"टेनिस खेळता?"

"कूलर भरतो."

परवानगी न विचारता त्यांनी माझा हात सरळ ताणला, तळहात जमिनीकडे केला, मधल्या बोटावर आपले बोट दाबले आणि फर्मावले, "आता हे वर करा." डॉक्टरही हीच परीक्षा घेतात, परंतु बंद खोलीत. येथे माझे मधले बोट मेथी निवडणाऱ्या एका बाईंच्या रोखाने उठले, पाठोपाठ माझी किंकाळी निघाली आणि बाईंनी जुडी खाली ठेवली. "हेच ते!" काकाजी चार दुकानांना ऐकू जाईल असे म्हणाले. "माझ्या साळ्यानं इंजेक्शन घेतलं. दोन महिने पैलवान होता, मग पुन्हा बोंबलत बसला."

संताप याचा की, त्यांचे बरोबर होते. स्टेरॉइडच्या सुईने काही आठवडे बरे वाटते, पण वर्षभराने सुई न घेतलेलेच बहुधा अधिक बरे असतात. कारण मनगट उचलणाऱ्या स्नायूचा कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारा दोर, कोपराच्या बाहेरच्या हाडाशी सुजण्यापेक्षा झिजलेला असतो. त्याला हळूहळू वाढता भार हवा असतो. मी रोज टेबलाच्या कडेवर हात ठेवून, पाण्याची बाटली डाव्या हाताच्या मदतीने उचलतो आणि उजव्याने सावकाश खाली आणतो. हे मला समजावताना डॉक्टरांनी दोन मिनिटे दिली, त्यांतले एक फोनवर गेले. घरी तर बाहेरून काही दिसत नसल्याने लोणच्याच्या बरणीचे झाकण अजूनही माझ्याचकडे येते. प्लास्टर असते तर निदान कोणी खुर्ची दिली असती.

"तळहात वर करून उचलत जा," पिशवी परत देताना काकाजी म्हणाले. तोही सल्ला योग्यच होता. दुकानदाराने फुटलेल्या दोन संत्र्यांचेही पैसे धरले, ते मी डाव्या हाताने मोजत असताना धड राहिलेले एक संत्रे काकाजींनी सोलायला घेतले होते.