निर्णय एका जागी का राहत नाहीत?

घर एक, पण त्याचे निर्णय विखुरलेत दहा ठिकाणी! किचनच्या लॅमिनेटचा शेड व्हॉइस नोटमध्ये, बेडमागच्या स्विचबोर्डची उंची फोनवर, बाथरूमच्या टाइल्स कुठल्यातरी स्क्रीनशॉटमध्ये. मी इंटिरिअर डिझायनर, प्रत्येक क्लायंटला सुरुवातीलाच शेअर्ड शीट देते: खोली, काम, कोणी मंजूर केलं, कोणत्या तारखेला. ती कोणी उघडून बघेल तर शपथ!

अहो, ही कामं एकमेकांवर अवलंबून असतात. फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी वायरिंगचे पाइप आत जावे लागतात, दिव्याचा पॉइंट हलवायचा तर तेव्हाच. पुट्टी झाल्यावर "झुंबर थोडं डावीकडे घ्या ना" म्हटलं की सीलिंगचा बोर्ड कापा, वायर ओढा, परत पुट्टी, परत रंग. तोवर सुतार दुसऱ्या साइटवर निघून जातो आणि उशीर मात्र माझ्या नावावर.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते "मी सांगितलं होतं" यावर. कोणाला? सुताराला, परस्पर! माझ्या ड्रॉइंगवर वॉर्डरोबची खोली (डेप्थ) ६०० मिमी, साइटवर कापलेली ४५०. आता त्यात हँगर सरळ लागणार कसे?

यापुढे शीटवर तारखेसह होकार आल्याशिवाय माझ्या साइटवर प्लाय कापला जाणार नाही.