भव्य पडद्याचे महाग तिकीट: पाच विधाने आणि त्यांचा प्रतिवाद

एखादा मोठा चित्रपट प्रदर्शित व्हायचा असला की त्याच्या आदल्या आठवड्यात एक मजकूर हमखास फिरू लागतो. चित्रपटाचे नाव बदलते, दावा बदलत नाही. आयमॅक्स किंवा तत्सम भव्य पडद्याचे तिकीट साध्या तिकिटाच्या दुप्पट असले तरी पैसे वसूल होतात, कारण पडदा मोठा म्हणून चित्र मोठे. दिग्दर्शकाने टिपलेली संपूर्ण चौकट फक्त तिथेच दिसते. प्रकाश, रंग आणि आवाज तिथे नेहमीच सरस असतात. जादा पैसा त्या महागड्या यंत्रणेवरच खर्च होतो. आणि ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी साधा पडदा आहेच, तेव्हा कोणाचेही नुकसान होत नाही. या प्रत्येक विधानात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती एकापाठोपाठ वाचली की पटतात. भव्य पडद्याशी माझे वैर नाही. परंतु ज्या गोष्टींसाठी ही जादा किंमत मागितली जाते त्या मोजता येतात, आणि तिकीट विकताना त्यांतली एकही सांगितली जात नाही. ग्राहकापुढे ठेवले जाते ते केवळ नाव.

आधी आकाराचे पाहू. डोळ्याला पडद्याची रुंदी मीटरमध्ये कळत नसते. पडद्याने दृष्टीचा किती कोन व्यापला एवढेच त्याला कळते, आणि तो कोन रुंदीइतकाच अंतरावरही ठरतो. बारा मीटर रुंदीच्या साध्या पडद्यापासून दहा मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे सुमारे ६२ अंशांचा पट असतो. बावीस मीटर रुंदीच्या पडद्यापासून पंचवीस मीटरवर, म्हणजे मागच्या रांगेत, बसलेल्याच्या वाट्याला जेमतेम ४७ अंश येतात. तरीही तिकीट महाग असते ते दुसऱ्याचे. मूळ आयमॅक्सची रचना करणाऱ्यांना हे गणित पक्के ठाऊक होते. म्हणून टोरांटोच्या सिनेस्फियर या चित्रपटगृहापासून, म्हणजे १९७१ पासून, या कंपनीच्या चित्रपटगृहांत उतार तीव्र ठेवला गेला आणि शेवटची रांगही पडद्याच्या जवळ आणली गेली. मात्र २००८ मध्ये डिजिटल यंत्रणा आल्यावर मल्टिप्लेक्समधल्या तयार सभागृहातच पडदा थोडा पुढे आणून, पुढच्या काही रांगा काढून तेच नाव लावण्याची सोय झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकी विनोदी अभिनेता अझीझ अन्सारी याने पाच डॉलर जादा देऊन आपल्याला नेहमीपेक्षा किंचित मोठा पडदा दाखवला गेल्याची जाहीर तक्रार केली आणि त्यावर बराच गदारोळ झाला. नाव तेच राहिले.

आकाराला आणखी एक बाजू आहे आणि ती या मजकुरांत कधीच येत नाही. निकोप दृष्टीच्या माणसाला एका अंशात साधारण साठ बिंदू वेगळे ओळखता येतात. टू-के प्रक्षेपणात आडव्या ओळीत २०४८ बिंदू असतात. तेच चित्र साठ अंशांवर ताणले की अंशाला चौतीसच बिंदू उरतात. मग चित्र मोठे दिसते, पण मऊ पडते. दूरच्या चेहऱ्यांच्या कडा आणि श्रेयनामावलीतली बारीक अक्षरे पाहिली की हे लगेच लक्षात येते. आडव्या ओळीत दुप्पट बिंदू देणारा फोर-के लेझर प्रक्षेपक असेल तर हाच आकडा अडुसष्टवर जातो आणि तक्रार मिटते. म्हणजे पडदा जितका मोठा तितका प्रक्षेपकाचा प्रश्न कळीचा होतो, आणि आरक्षण करताना नेमकी तीच माहिती मिळत नाही. त्यातही चित्रपटाची मूळ प्रतच टू-केमध्ये तयार झालेली असेल, तर फोर-के प्रक्षेपकही त्यात नवा तपशील भरू शकत नाही.

दुसऱ्या विधानावर, म्हणजे ‘संपूर्ण चौकट फक्त इथेच’ यावर, अधिक थांबणे भाग आहे, कारण जाणकार म्हणवणारे प्रेक्षकही त्यालाच सर्वाधिक भुलतात. आज बहुतेक मोठे चित्रपट २.३९ रुंदीला १ उंची या आडव्या प्रमाणात असतात. डिजिटल आयमॅक्सचा पडदा १.९० ला १ असतो, तर मूळ फिल्म-आयमॅक्सचा १.४३ ला १, म्हणजे जवळजवळ चौरसाकडे झुकणारा. एखादा चित्रपट खरोखर १.९० साठी चित्रित झाला असेल तर तेवढ्याच रुंदीत सुमारे २६ टक्के अधिक उंची मिळते, आणि हा फरक सहज जाणवण्याजोगा आहे. पण किती चित्रपट तसे असतात? आयमॅक्समध्ये लागणाऱ्या चित्रपटांपैकी कित्येक साध्या कॅमेऱ्यांवर चित्रित होऊन नंतर कंपनीच्या संगणकीय पुनर्संस्करणातून गेलेले असतात. ही प्रक्रिया २००२ पासून वापरात आहे आणि २०१३ मध्ये आयमॅक्समध्ये प्रदर्शित झालेला पहिला भारतीय चित्रपट ‘धूम ३’ याच वाटेने तिथे पोहोचला. असा २.३९ चा चित्रपट १.९० च्या पडद्यावर दाखवला की वर आणि खाली काळे पट्टे राहतात आणि पडद्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा वापरलाच जात नाही. प्रेक्षकाने दुप्पट पैसे मोजलेले असतात ते त्या काळ्या पट्ट्यांसकट.

उलट टोकाचे उदाहरण २०२३ मधले. ‘ओपनहायमर’ची चर्चा त्याच्या फिल्मवरील आयमॅक्स दृश्यांमुळेच अधिक झाली. जुलैच्या त्या आठवड्यात मुंबईतील एका आयमॅक्स खेळाच्या रिक्लायनर रांगेचे तिकीट २४५० रुपयांवर गेल्याच्या बातम्याही वर्तमानपत्रांत आल्या. परंतु ती दृश्ये ज्या पंधरा छिद्रांच्या (एकेक चौकट फिल्मच्या कडेच्या पंधरा छिद्रांइतकी लांब असलेल्या) ७० मिमी प्रतीसाठी होती, ती प्रत साऱ्या जगात तीस ठिकाणीच लावली गेली होती आणि त्यांत भारतातले एकही ठिकाण नव्हते. आपल्याकडच्या आयमॅक्समध्ये दिसली ती १.९० ची डिजिटल आवृत्ती; म्हणजे १.४३ च्या चौकटीतला सुमारे चौथा हिस्सा इथेही कापलेलाच होता. ‘संपूर्ण चौकटी’साठी धावणाऱ्यांनी पाहिली ती अपूर्ण चौकटच. यात कोणी फसवणूक केली असे मी म्हणत नाही, कारण छायालेखक सर्व प्रमाणांचा विचार करूनच दृश्य रचतो आणि महत्त्वाचे काही कडेला ठेवत नाही. पण मग याच न्यायाने साध्या पडद्यावरचे चित्रही ‘कापलेले’ ठरत नाही. हा युक्तिवाद दोन्हीकडे लागू करायचा किंवा कुठेच नाही.

गंमत अशी की भारतात १.४३ चा पडदा एकेकाळी होता. हैदराबादच्या प्रसाद्‌स मल्टिप्लेक्समध्ये २००३ पासून फिल्म-आयमॅक्स चालत असे. फिल्मचे दिवस सरल्यावर त्यांनी ते नाव सोडले आणि स्वतःची मोठ्या पडद्याची यंत्रणा उभारली. त्यांचा सध्याचा पडदा १०१ फुटांहून अधिक रुंद आणि ६४ फूट उंच आहे, म्हणजे देशातल्या बहुतेक ‘आयमॅक्स’ पडद्यांहून मोठा. शिवाय तेलंगणाच्या डिसेंबर २०२१ च्या आदेशानुसार मल्टिप्लेक्सच्या साध्या आसनाचे कमाल तिकीट २५० रुपये अधिक वस्तू व सेवा कर, म्हणजे २९५ रुपये, एवढेच ठेवण्यात आले. बड्या चित्रपटांना वेळोवेळी मिळणारी दरवाढीची परवानगी हा त्याला अपवाद. म्हणजे शंभर फुटी पडदा तीनशे रुपयांच्या आत दाखवता येतो. परवडतो की नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि तिथले प्रदर्शक ‘नाही’ म्हणतीलही, परंतु भव्य पडदा म्हटला की किंमत आपोआप दुप्पट होते हा समज तरी त्याने खोटा पाडला आहे.

प्रकाश, रंग आणि आवाज यांबाबत मूळ मजकुराला अर्धे गुण द्यावे लागतील. डिजिटल प्रक्षेपणाच्या मानकानुसार द्विमितीय चित्रासाठी पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे ४८ निट (दोन्ही उजळी मोजण्याची एकके), इतकी उजळी अपेक्षित असते. पडद्याचे क्षेत्रफळ दुप्पट केले आणि दिवा तोच ठेवला तर उजळी निम्मी होते. जुन्या झेनॉन दिव्यांवर चालणारी काही मोठी सभागृहे याच कारणाने अंधूक वाटतात, आणि त्रिमितीय खेळाचा चष्मा चढवला की उरलेसुरलेही जाते. लेझर यंत्रणा असेल तर मात्र फरक स्वच्छ दिसतो. याहून बोलके उदाहरण पुण्याचे आहे. जुलै २०२५ मध्ये खराडीच्या सिटीप्राइडमध्ये देशातले पहिले डॉल्बी सिनेमा, म्हणजे डॉल्बी कंपनीच्या चित्र आणि ध्वनी यंत्रणेचे दालन, सुरू झाले. तिथली ख्याती पडद्याच्या फुटांवर उभी नाही. द्विमितीय चित्राला सुमारे ३१ फूट-लॅम्बर्टची उजळी आणि खरोखर काळा दिसणारा काळा रंग हे तिचे बळ आहे. साध्या सभागृहात रात्रीचे दृश्य आले की काळोख राखाडी होतो आणि पडद्याच्या कडा दिसू लागतात. इथे काळोखात पडदा कुठे संपला हे कळत नाही. असल्या गोष्टीला जादा पैसे द्यायला माझी ना नाही. परंतु हे श्रेय ‘मोठ्या पडद्या’च्या खात्यावर जमा करणे चुकीचे आहे.

आवाजाबद्दल थोडक्यात सांगता येईल. डॉल्बी ॲटमॉस ही ध्वनियोजना २०१२ पासून उपलब्ध आहे, आणि महाराष्ट्रातील कित्येक मल्टिप्लेक्समध्ये ती साध्या किंवा थोड्याच अधिक दरात ऐकता येते. छाती हादरवणारा आवाज आणि चांगला आवाज यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याने संवाद स्पष्ट ऐकू येतात का, एवढी एकच कसोटी लावावी.

चौथे विधान पैशाच्या प्रवासाचे आहे आणि तिथे हिशेबच मांडलेला बरा. समजा साधे तिकीट ३०० रुपये आणि भव्य पडद्याचे ६०० रुपये आहे. शंभर रुपयांवरील तिकिटाला १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो; सप्टेंबर २०२५ मधल्या फेररचनेने शंभरपर्यंतच्या तिकिटाचा कर ५ टक्क्यांवर आणला, परंतु वरचा टप्पा तसाच राहिला. त्यामुळे जादा तीनशेतले सुमारे ४६ रुपये सरकारकडे जातात. उरलेल्या २५४ रुपयांतला निम्मा वाटा पहिल्या आठवड्यात वितरकाचा असतो, कारण हिंदी चित्रपटांसाठी २००९ च्या संपानंतर मल्टिप्लेक्स आणि निर्माते यांच्यात ठरलेले सूत्र पहिल्या आठवड्यासाठी ५० टक्के, मग साडेबेचाळीस, साडेसदतीस आणि पुढे तीस असे आहे. चित्रपटगृहाच्या हाती राहतात ते सुमारे १२७ रुपये, आणि आयमॅक्स कंपनी अनेक ठिकाणी यंत्रणा विकण्याऐवजी उत्पन्नातल्या वाट्यावर बसवत असल्याने यातूनही काही भाग तिकडे वळतो. म्हणजे ‘यंत्रणेसाठी’ म्हणून घेतलेल्या जादा रकमेतला निम्म्याहून अधिक भाग यंत्रणा बसवणाऱ्या प्रदर्शकापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय मंगळवारी सकाळी आणि शनिवारी रात्री प्रक्षेपक तोच, दिवा तोच, पडदाही तोच. तिकिटाचा आकडा मात्र दीडपट-दुप्पट होतो. खर्चावर आधारलेली किंमत अशी वागत नाही, मागणीवर आधारलेली वागते. मागणीनुसार दर लावणे हा व्यापाऱ्याचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. पण मग त्याला दर्जाचे मोल म्हणून सजवू नये.

राहिले शेवटचे: परवडत नसेल त्याने साधा पडदा पाहावा, कोणाचे काही बिघडत नाही. एकपडदा चित्रपटगृहात स्टॉल आणि बाल्कनी यांच्या दरात मोठे अंतर असे, तरी दोघांपुढे पडदा एकच आणि दिवाही एकच असे. मालकाने दिवा जपला तर पहिल्या रांगेतल्या शिट्टीवाल्यालाही त्याचा लाभ मिळे. आता किंमत सभागृहाच्या नावावर ठरू लागली आहे. त्यामुळे एका दालनात लेझर आणि शेजारच्या दालनात मंदावलेला दिवा, ही विषमता व्यवस्थापनाच्या सोयीची होते, कारण साधे दालन जितके सामान्य राहील तितके महाग दालन खपते. साध्या पडद्यावर मानकाइतकी उजळी असणे ही मूळ तिकिटातच मोडणारी गोष्ट आहे. ती नसेल तर तो प्रेक्षक गप्प बसावा अशी अपेक्षा का करायची?

सरकारी दरनियंत्रणाने हे सुटेल असे मला वाटत नाही. कर्नाटकने १२ सप्टेंबर २०२५ रोजी राज्यभर तिकिटाला २०० रुपयांची मर्यादा घातली, तेव्हा सूट दिली ती पंचाहत्तर किंवा त्याहून कमी आसनांच्या ‘प्रीमियम’ सोयी असलेल्या दालनांना. म्हणजे प्रीमियमची व्याख्या झाली ती खुर्च्या मोजून, चित्र पाहून नव्हे. काही दिवसांतच उच्च न्यायालयाने त्या मर्यादेला स्थगिती दिली. त्यापेक्षा सोपे काम चित्रपटगृहांच्याच हातात आहे. आरक्षणाच्या नकाशावर प्रत्येक खुर्चीचा भाव दाखवता येतो, तर त्याच्याच वर पडद्याची रुंदी, प्रक्षेपक झेनॉनचा की लेझरचा, टू-के की फोर-के, आणि आजचा चित्रपट या पडद्यावर कोणत्या प्रमाणात दिसेल, हेही लिहिता येईल. या गोष्टी प्रत्येक चित्रपटगृहाच्या तंत्रज्ञाला माहीत असतात. दोन ओळींत मावतात. दुप्पट दर मागणाऱ्याने त्या छापायला सुरुवात केली, की मूळ मजकुरातला दावा चित्रपटागणिक आणि दालनागणिक तपासता येईल.